गिनी पिगची कातडी बिघडली तर: पहिल्या खाजेपासून शेवटच्या डोसपर्यंत

गिनी पिगचं पोट दुखत असलं तर तो लपवतो, दात वाढले तर कोपऱ्यात गप्प बसून राहतो. पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्यांचं भक्ष्य म्हणून जगलेल्या प्राण्याला दुखणं दाखवणं परवडत नाही. कातडीचं दुखणं मात्र त्याला झाकता येत नाही. केस गळतात, कोंडा पडतो, खपली धरते, मागचा पाय सारखा अंगावर चालतो. म्हणजे वेळेवर इलाज करायची संधी आपल्याला मिळते. नवे पालक ती बहुधा एकाच कारणाने घालवतात: चट्टा दिसला की काहीतरी लावायचं. खोबरेल तेल, कडुलिंबाचं तेल, हळद, कुत्र्याची पिसवांची पावडर, घरातलं खाजेचं मलम. तोवर चट्टा पसरतो, आणि डॉक्टरांसमोर प्राणी येतो तेव्हा अंगावर इतकं काही चोपडलेलं असतं की मूळ आजार ओळखणं अवघड होऊन बसतं.

म्हणून क्रम असा ठेवा: आधी पाहणं, मग वजन, मग तपासणी. औषध सगळ्यांत शेवटी.

घाबरण्याआधी: हे आजार नव्हेत

कानांच्या मागे दोन्ही बाजूंना केस नसलेली छोटी जागा असते. ती जन्मापासूनची, प्रत्येक गिनी पिगला असते. कातडी स्वच्छ, गुळगुळीत असेल तर तिथे काही करायचं नाही. पोटावर दोन स्तनाग्रं नर-मादी दोघांनाही असतात. त्यांना फोड समजून दाबू नका. सकाळी डोळ्यांतून दुधासारखा पांढरा थेंब येतो आणि प्राणी तो पंजाने तोंडभर पुसतो, ती त्याची तोंड धुण्याची रीत आहे.

पाठीच्या अगदी शेवटी, शेपूट असती तर जिथे फुटली असती तिथे, एक तेलग्रंथी असते. मोठ्या नरांमध्ये तिथे मेणचट, वास येणारा थर साचतो आणि केस चिकटतात. त्यावर थोडं खोबरेल तेल लावून दहा मिनिटं थांबा, मऊ झालेला थर कापसाने पुसा, बाळाच्या सौम्य साबणाने तेवढीच जागा धुऊन कोरडी करा. या लेखात खोबरेल तेलाला एवढीच जागा आहे.

गाभण मादीच्या कुशींवरचे केस शेवटच्या दिवसांत विरळ होतात आणि विण्यानंतर परत येतात. गिनी पिगचा गर्भकाळ ५९ ते ७२ दिवसांचा असतो. दुकानातून आणलेली मादी बरेचदा गाभणच येते. तशी शंका असेल तर डॉक्टरांना आधी सांगा, कारण बुरशीची काही औषधं गाभणपणात चालत नाहीत.

पहिली पायरी: उजेडात बसून पूर्ण अंग पाहा

दिवसाच्या उजेडात, खिडकीजवळ, मांडीवर टॉवेल घेऊन बसा. समोर कोथिंबिरीची काडी द्या, म्हणजे तो शांत राहील. बोटांनी केस उलट्या दिशेने सारत कातडीपर्यंत पोचा. वरवर हात फिरवून काही कळत नाही.

नाक, ओठांच्या कडा, डोळ्यांभोवती, कान आतून-बाहेरून. मग हनुवटीखाली आणि मानेला बोटांनी गाठ लागते का ते पाहा. खांदे, पाठ, कुशी, मांड्यांचा आतला भाग. पोट ओलं आहे का. गुदद्वाराजवळ विष्ठा चिकटली आहे का. शेवटी चारही तळवे, कारण हीच जागा सगळ्यांत जास्त राहून जाते.

काळ्या कागदावर बारीक फणीने केस विंचरा. कोंडा पडला तर त्यातलं काही हलतंय का ते भिंगातून बघा. चट्ट्याचा फोटो काढा, शेजारी नाणं ठेवा म्हणजे आकार कळेल. मोबाइलवरचे हे फोटो डॉक्टरांना फार उपयोगी पडतात. चट्टा किती दिवसांत किती पसरला हे तोंडी सांगून पटत नाही.

दुसरी पायरी: वजन

स्वयंपाकघरातला डिजिटल काटा, त्यावर डबा, डब्यात गिनी पिग. पूर्ण वाढलेल्याचं वजन साधारण ७०० ते १२०० ग्रॅमच्या दरम्यान भरतं. आकडा तारखेसह लिहून ठेवा. निरोगी असला तरी आठवड्यातून एकदा हे करायची सवय लावा. पाच-दहा ग्रॅम वर-खाली होतंच. पण आठवड्यात पन्नासेक ग्रॅम घटले तर खाजेने किंवा वेदनेने त्याचं खाणं सुटलं आहे असं समजा आणि भेट पुढे ढकलू नका. शिवाय औषधाचा डोस वजनावरच ठरतो.

तिसरी पायरी: तीन प्रश्न

खाज आहे का? चट्टा नेमका कुठे आहे? दोन्ही बाजूंना सारखा आहे का? निदान डॉक्टरच करतील, पण या तीन उत्तरांनी निम्मी वाट सरते.

*खूप खाज, आणि ती पाठीवर, खांद्यांवर, कुशींवर, मांड्यांवर.* इथे पहिला संशय खरजेचा. ट्रिक्साकॅरस कॅव्ही नावाचा सूक्ष्म किडा कातडीच्या आत बोगदे करून राहतो. डोळ्यांना दिसत नाही, म्हणून ‘अंगावर तर काहीच नाही’ असं वाटत राहतं. आधी केस विरळ होतात, मग कातडी जाड, पिवळसर, भेगाळलेली होते. खाज इतकी तीव्र असते की नुसता हात लावला तरी प्राणी वेडावाकडा होऊन खाजवत सुटतो. आजार वाढलेला असेल तर खाजवता खाजवता अंग ताठ होऊन झटके येतात, फिट आल्यासारखे. हे पाहून अनेकांना मेंदूचा आजार वाटतो. असे झटके आले तर त्याला धरून ठेवू नका, अंधाऱ्या मऊ जागेत ठेवा, त्या दिवशी विंचरणं-तपासणं बंद करा आणि तातडीने डॉक्टर गाठा. इलाज न केलेली खरूज गिनी पिगला मारते. तो खाणं सोडतो, वजन उतरतं, खाजवलेल्या जखमांत पू होतो.

खरजेचा किडा कित्येकदा आधीपासून अंगावर असतो आणि काही करत नाही. नवं घर, लांबचा प्रवास, गर्भारपण, निकृष्ट खाणं, जोडीदार जाणं अशा ताणाच्या वेळी तो वाढतो. त्यामुळे आणल्यानंतर काही आठवड्यांनी खाज सुरू झाली तर ‘आमच्याकडे स्वच्छता आहे, खरूज कशी होईल’ हा विचार बाजूला ठेवा.

*चेहऱ्यावर गोल, खवल्यांचे चट्टे. खाज थोडी किंवा नाहीच.* हे बहुतेक वेळा गजकर्ण, म्हणजे नायटा. ट्रायकोफायटॉन जातीची बुरशी नाकापासून सुरू होते, डोळ्यांभोवती, कानांवर जाते, मग पाठीवर उतरते. लहान पिलं आणि नुकतेच आणलेले प्राणी यांना जास्त होते. कोकणातल्या, मुंबईच्या दमट हवेत, विशेषतः जून ते सप्टेंबर, पिंजरा कधी पुरता वाळतच नाही. ते दिवस बुरशीला मानवतात. आणि ही बुरशी माणसाला लागते. घरात लहान मुलं असतील तर चेहऱ्यावर चट्टा दिसताच प्राणी मुलांच्या हातात देणं थांबवा, निदान नंतर झालं तरी चालेल.

*केसांत हलणारे बारीक फिकट जीव, केसांना चिकटलेल्या लिखा.* उवा. गिनी पिगच्या उवा वेगळ्या जातीच्या असतात, त्या माणसांच्या डोक्यात होत नाहीत. इलाज सोपा असतो.

*दोन्ही कुशींवर आरशात पाहावं तसे सारखे चट्टे, कातडी स्वच्छ, खाज शून्य, मादी दोन-तीन वर्षांपुढची.* इथे दोष कातडीत नसतो. बीजकोशांवर गाठी झाल्या की संप्रेरकं बिघडतात आणि केस जातात. पोटाची सोनोग्राफी लागते. या मादीला खरजेची औषधं देत राहणं म्हणजे निव्वळ वेळ घालवणं.

*केस मुळापासून गेलेले नाहीत, कापल्यासारखे आखूड आहेत.* जोडीदार कुरतडतो आहे, किंवा कंटाळून स्वतःच चावतो आहे. गवत वाढवा, लपायला दोन जागा द्या, जागा मोठी करा. भांडण दिसलं तर मध्ये जाळी लावा.

उरलेल्या तीन गोष्टी कातडीच्याच, पण त्यांत थांबायला वेळ नसतो. तळवा लाल, सुजलेला, त्यावर खपली असेल तर ती तारेच्या तळाची किंवा ओल्या अंथरुणाची देणगी आहे. बाजारातल्या बहुतेक पिंजऱ्यांना खाली उघडी जाळी असते, तिच्यावर आजच जाड पुठ्ठा आणि कापड अंथरा आणि तळवा डॉक्टरांना दाखवा, कारण तिथला पू हाडापर्यंत जातो. मानेखाली गाठ लागली तर ते गळू असू शकतं. घरी फोडायचं नाही, त्यातला पू शेजारच्या प्राण्यालाही आजारी करतो. आणि मागच्या बाजूला माश्यांनी अंडी घालून अळ्या झाल्या असतील तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका. जुलाब झालेल्या किंवा खाली ओल्या राहणाऱ्या प्राण्याला पावसाळ्यात हे फार लवकर होतं, आणि काही तासांतच जिवावर बेततं.

काय लावायचं नाही

घराघरांत एक ट्यूब असते: बुरशीचं औषध, जंतूचं औषध आणि स्टेरॉइड एकत्र केलेलं खाजेचं मलम. गिनी पिगला तिचा एक ठिपकाही लावू नका. स्टेरॉइडने लाली आणि खाज तात्पुरती दबते, खाली बुरशी पसरत राहते, आणि चट्ट्याचं रूप बदलल्याने तपासणीतही गोंधळ होतो. भारतात माणसांचं गजकर्ण गेल्या काही वर्षांत चिवट झालं आहे, आणि त्यामागे असल्या मलमांचा सर्रास वापर हे एक मोठं कारण असल्याचं त्वचारोगतज्ज्ञ सांगत आले आहेत. शिवाय गिनी पिग अंगावरचं सगळं चाटून पोटात घेतो.

कुत्र्या-मांजरांचे पिसवांचे थेंब परस्पर वापरू नका. फिप्रोनिल आणि पर्मेथ्रिन असलेली औषधं त्याच्यासाठी नाहीत. टी-ट्री तेल, डेटॉल, फिनेल, कापूर यांतलं काही नको. कडुलिंबाच्या दाट तेलाने केस चिकटतात, उन्हाळ्यात अंग तापतं, आणि खरजेचा किडा आत बोगद्यात असतो तिथवर ते पोचत नाही.

आंघोळही नाही. गिनी पिगला भिजणं सोसत नाही. डॉक्टरांनी औषधी शाम्पू दिला तरच, कोमट पाण्यात, डोकं कोरडं ठेवून, आणि मुळापर्यंत वाळवून.

आता सगळ्यांत धोक्याचं. जनावरांच्या औषधदुकानात खरजेचं आयव्हरमेक्टिन सहज मिळतं आणि ‘एक थेंब द्या’ असा सल्लाही मिळतो. गुरांसाठीच्या एक टक्का इंजेक्शनात एका मिलिलिटरमध्ये १० मिलिग्रॅम औषध असतं. गिनी पिगला लागतं किलोमागे साधारण ०.२ ते ०.५ मिलिग्रॅम. ९०० ग्रॅमच्या प्राण्याला ०.४ च्या हिशेबाने ०.३६ मिलिग्रॅम, म्हणजे त्या बाटलीतलं ०.०३६ मिलिलिटर. हे एका थेंबाहूनही कमी झालं. अंदाजाने हा डोस कुणालाही मोजता येत नाही. तो विरळ करून, बारीक सिरिंजने, वजन पाहूनच द्यावा लागतो. हा हिशेब इथे मांडला तो घरी करून बघण्यासाठी नाही, घरी का करायचा नाही हे दिसावं म्हणून.

डॉक्टरांकडे

शक्यतो ससे-गिनी पिग पाहणारे पशुवैद्य शोधा. मुंबई-पुण्यात ते मिळतात. इतरत्र नागपूर, शिरवळ, परभणी, उदगीर इथल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांत फोन करून विचारता येतं. तेही लांब असेल तर तालुक्याचे गायी-शेळ्या पाहणारे डॉक्टर परके मानू नका. कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणं त्यांच्या रोजच्या कामातलं असतं. फक्त या प्राण्याचे डोस आणि त्याला न चालणारी औषधं यांबद्दल स्पष्ट बोला.

नेताना उपाशी ठेवू नका. गिनी पिगला उलटी होत नाही, त्यामुळे माणसांचा तो नियम इथे लागू नाही, आणि आतडं रिकामं राहिलं तर नवंच दुखणं उभं राहतं. खोक्यात टॉवेल, गवत, काकडीचा तुकडा ठेवा. जोडीदार असेल तर दोघांनाही न्या, दुसऱ्याला काही दिसत नसलं तरी.

तपासणीत कातडीची खरवड, चिकटपट्टीवर घेतलेला नमुना, उपटलेल्या केसांचं कल्चर (म्हणजे प्रयोगशाळेत बुरशी वाढवून पाहणं) असं काही असेल. खरजेत खरवडीत किडा सापडला नाही म्हणून तो नाही असं ठरत नाही. लक्षणं पक्की असतील तर चांगले डॉक्टर इलाज सुरू करतात, आणि ते बरोबर आहे. गजकर्णात निळ्या-जांभळ्या दिव्याखाली काही चमकलं नाही म्हणून सुटकेचा श्वास टाकू नका. ट्रायकोफायटॉन त्या दिव्यात सहसा चमकत नाही. कल्चरला दोन-तीन आठवडे लागतात.

खरजेवर आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन किंवा मानेवर टाकायचे सेलामेक्टिनचे थेंब मिळतील. गजकर्णावर पोटातून इट्राकोनाझोल किंवा टर्बिनाफिन, जोडीला लावायचं औषध. तीव्र खाजेत वेदनाशामक देता येईल का हे जरूर विचारा.

जखमेत पू असेल आणि अँटिबायोटिक लिहून मिळालं तर नाव वाचा. पेनिसिलिन, अॅमॉक्सिसिलिन, अॅम्पिसिलिन, क्लिंडामायसिन, एरिथ्रोमायसिन ही पोटातून दिली तर गिनी पिगच्या आतड्यातले उपयोगी जीव मरतात, विषारी जंतू माजतात आणि चांगला खाता-पिता प्राणी काही दिवसांत दगावतो. एन्रोफ्लॉक्सासिन किंवा ट्रायमेथोप्रिम-सल्फा यांसारखे पर्याय आहेत. डॉक्टरांना नम्रपणे विचारण्यात काही गैर नाही, ‘हे गिनी पिगला पोटातून चालतं ना?’ एवढंच.

घरी: पिंजरा आणि कपडे

औषध पिंजऱ्यातल्या सगळ्यांना एकाच दिवशी. एकाला दिलं, दुसऱ्याला नाही, तर पंधरवड्यात पुन्हा पहिल्यापासून.

लाकडी घर, काथ्याची खेळणी, पुठ्ठे फेकून द्या. कीड फटींत राहते. पिंजऱ्यात अंथरलेली फ्लीसची मऊ कापडं आधी झटकून गरम पाण्यात धुवा आणि कडक उन्हात वाळवा. पावसाळ्यात ऊन नसेल तर वाळल्यावर गरम इस्त्री फिरवा. आजार असेपर्यंत कापडांपेक्षा वर्तमानपत्र बरं, रोज गुंडाळून टाकता येतं. वखारीतला लाकडाचा भुसा नको. त्याची धूळ नाकात जाते, आणि देवदार-चीडसारख्या वासाच्या लाकडाने कातडी चरचरते.

प्लास्टिकचा तळ आधी साबणाने घासून मूत पूर्ण काढा. मगच एक भाग ब्लीच, दहा भाग पाणी लावून दहा मिनिटं ठेवा, धुवा, वास जाईपर्यंत वाळू द्या. हा क्रम उलटवू नका. मुतातल्या अमोनियाशी ब्लीचचा संबंध आला की विषारी वायू सुटतो. मुताचे पांढरे डाग व्हिनेगरने निघतात, पण व्हिनेगर आणि ब्लीच एकाच वेळी कधीच नाही.

प्राण्याला धरल्यावर तुमच्या हातांवर, पोटावर लाल पुरळ आलं असेल तर खरजेचं ते सहसा प्राणी बरा झाला की आपोआप जातं. तो किडा माणसावर फार काळ तग धरत नाही. गजकर्ण मात्र तसं जात नाही. त्वचारोगतज्ज्ञांना घरात गिनी पिग आहे हे सांगा.

खाण्यातली एक गोष्ट

माणसासारखंच गिनी पिगचं शरीर क जीवनसत्त्व स्वतः बनवू शकत नाही. ते कमी पडलं की केस राठ होतात, हिरड्यांतून रक्त येतं, सांधे सुजतात, जखमा भरत नाहीत, आणि औषध देऊनही कातडी सुधारत नाही. रोज किलोमागे १० ते ३० मिलिग्रॅम लागतं, आजारात त्याहून जास्त. हिरव्या ढोबळी मिरचीत १०० ग्रॅममागे साधारण ८० मिलिग्रॅम असतं. म्हणजे किलोभर वजनाच्या प्राण्याला रोज तीस-पस्तीस ग्रॅम मिरचीने निरोगीपणीची गरज भागते. अधूनमधून पेरूची फोड, थोडी कोथिंबीर. पाण्यात थेंब टाकून उपयोग नाही, उजेडात ते लवकर नासतं आणि पाण्याची चव बदलली की प्राणी पाणीच कमी पितो. माणसांच्या मल्टिव्हिटॅमिन गोळ्या नकोत. पेलेट्सच्या, म्हणजे तयार दाण्याच्या, पाकिटावर बनवल्याची तारीख पाहा. तीन महिने उलटले की त्यातल्या क जीवनसत्त्वाचा भरवसा धरू नका. बाकी सगळं पोट सुक्या गवतावर, आणि ते सतत समोर हवं. लसूणघास पिलांना आणि गाभण मादीला ठीक. मोठ्यांना रोज दिला तर त्यातल्या कॅल्शियमने मूतखडे होतात, मूत ठिबकतं, आणि सतत ओल्या पोटाची कातडी सोलवटते.

दुसरा डोस चुकवू नका

खरजेच्या पहिल्या डोसनंतर खाज कमी होते, प्राणी पुन्हा खाऊ लागतो, आणि इथेच बहुतेक लोक सोडून देतात. औषधाने किडे मरतात, अंडी वाचतात. त्यातून बाहेर पडणाऱ्यांना मारायला साधारण सात ते चौदा दिवसांनी दुसरा डोस असतो, बऱ्याचदा तिसराही. तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. जाड झालेली कातडी आधी मोठ्या तुकड्यांनी सुटते. ती ओढू नका, खाली नवी गुलाबी कातडी दिसते ती चांगली खूण. केस नंतर येतात.

गजकर्णाला किमान चार ते सहा आठवडे धरून चाला. केस उगवले म्हणून औषध स्वतःहून बंद करू नका, दुसऱ्या कल्चरमध्ये बुरशी नाही असं आल्यावरच डॉक्टर ते थांबवतील. तोवर नवा गिनी पिग घरात आणायचा नाही. पुढे आणलात, तर त्याला दोन-तीन आठवडे वेगळ्या खोलीत, वेगळ्या भांड्यांसह ठेवा, आधी जुन्यांची उस्तवार करा, नव्याला शेवटी हात लावा, आणि त्या काळात दर चार दिवसांनी केस उलटे सारून तळव्यांपर्यंत पूर्ण अंग पाहा.